शेंदराची रेघ

कानिफनाथ बाजारात सायकल लावायचा तेव्हा तिची सीट काढून बगलेत मारायचा. पुढच्या चाकाला एक कुलूप, मागच्या चाकाला दुसरं, आणि सीट बगलेत. अशा अवतारात तो माळीवाड्यात भाजी घेत फिरे आणि भाजीवाल्या बाया त्याच्याकडे बघून हसत. घोडं विकलं आणि खोगीर राहिलं का, असं एकीने त्याला विचारलं होतं. तो हसला नाही. सायकलच्या सीटा चोरीला जातात हे त्याने ऐकलं होतं. ज्याची गेली असा माणूस त्याला कधी भेटला नव्हता, पण तेवढ्याने गोष्ट खोटी ठरत नाही.

तो चित्रपटाचे डबे वाहायचा. नगरातलं एक थिएटर आणि भिंगारमधलं दुसरं, दोघांत मिळून चित्रपटाची प्रत एकच असे. नगरचा खेळ तीनला सुरू होई, भिंगारचा चारला. नगरला पहिली पाच रिळं संपली की त्यांचे पत्र्याचे डबे कॅरियरवर जुन्या ट्यूबने आवळून कानिफ भिंगारला निघायचा. ते देऊन परत, मग पुढची पाच, मग उरलेली. किल्ल्याच्या बाजूने जाणाऱ्या रस्त्यावर लष्कराचे ट्रक चालत. समोरून वारा असला की तो एखाद्या ट्रकमागे हातभर अंतर ठेवून शिरायचा. ट्रक वारा कापायचा आणि कानिफ त्या आडोशाने अर्ध्या श्रमात भिंगार गाठायचा. त्याच्या उशिरामुळे पडदा पांढरा पडला आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या, असं एकदाही झालं नव्हतं. याचा त्याला अभिमान होता आणि तो त्याने कुणाला बोलून दाखवला नव्हता.

अख्खा चित्रपट मात्र त्याने कधीच पाहिला नाही. डबे तयार होईपर्यंत ऑपरेटरच्या खोलीच्या झरोक्यातून जे दिसे तेवढं तो बघे, आणि ते रोज तेवढंच असे. दुसऱ्या फेरीहून परतताना भिंगारला दाखवून झालेली पहिली रिळं तो बरोबर घेऊन येई. सहाच्या खेळासाठी ती उलटी गुंडाळावी लागत. मागच्या अरुंद खोलीत बसून तो दांडा फिरवत राही आणि भिंतीपलीकडे चित्रपट संपत असे. शेवट त्याला फक्त ऐकू यायचा. रडणं, पावलं, वाद्यं, टाळ्या. नगरचा ऑपरेटर यज्ञेश्वर त्याला शेवट सांगायचा, पण यज्ञेश्वर मुद्दाम खोटं सांगे. एका चित्रपटातली नायिका मरते असं त्याने सांगितलं, कानिफने ते घरी सांगितलं, आणि मुक्ताबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, स्वतः जाऊन ती नायिका जिवंत असल्याचं पाहिलं. तेव्हापासून कानिफ शेवट विचारत नसे.

असा माणूस जगात एकाच माणसावर विसंबून होता. धाकटा भाऊ गहिनीनाथ. घोडेगावला बाप गेला तेव्हा गहिनी शेंबडा होता. त्याला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत नेणं, पुढे नगरला आणून सायकलच्या दुकानात कामाला लावणं, सगळं कानिफने केलं. आता भिंगार रस्त्याला गहिनीचं स्वतःचं दुकान होतं. तासावर सायकली भाड्याने देणं, पंक्चर, ओव्हरहॉल. कानिफच्या सायकलला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला चालत नसे. हवा भरायलासुद्धा तो आठ दुकानं ओलांडून गहिनीकडे जाई.

गहिनीच्या कामाची एक रीत होती. दुकानात मारुतीची तसबीर होती आणि तिच्याखाली एका डबीच्या झाकणात तेलात कालवलेला शेंदूर. मागच्या चाकाचा नट लांब दांड्याच्या पान्याने आवळून झाला की तो बोट शेंदरात बुडवून एक रेघ ओढायचा, अर्धी नटावर, अर्धी सायकलच्या सांगाड्यावर. रेघ सरळ आहे तोवर नट जागेवर आहे. नट तसूभर फिरला तरी रेघ मोडलेली दिसणार. गिऱ्हाइकांना वाटे, देवाचं काही असेल. कानिफला मात्र माहीत होतं. रोज डबे बांधण्याआधी तो वाकून ती रेघ बघे आणि मगच टांग मारी.

दुष्काळाच्या त्या हिवाळ्यात दोन गोष्टी एकदम आल्या. सव्वीस जानेवारीला नगर ते घोडेगाव अशी सायकलची शर्यत ठरली, आणि दोन्ही थिएटरांत सायकलच्या शर्यतीचाच एक हिंदी चित्रपट लागला.

शर्यतीत उतरायचं कानिफने लगेच ठरवलं. घोडेगावच्या बाजाराच्या तोंडाशी शेवट होता. तिथे त्याची आई चांगुणाबाई उभी असणार. थोरला नगरला जाऊन काय करतो, हे तिला कधी नीट सांगता आलं नव्हतं. डबे वाहतो म्हटलं की तिला तेलाचे डबे वाटत. एकदा तिच्यासमोर पहिलं यावं, मग पुढे काही सांगायची गरज पडणार नाही, असं त्याला वाटत होतं.

चित्रपटात दोन भाऊ होते. थोरला शर्यतीचा राजा आणि धाकटा त्याच्या मागे धावणारा. दहाव्या रिळात शर्यतीच्या आदल्या रात्रीचा प्रसंग होता. थोरला झोपलेला. धाकटा हातात पाना घेऊन त्याच्या सायकलपाशी येतो, खाली बसतो, मागच्या चाकाच्या नटाला पाना लावतो. चेहरा अर्धा अंधारात. दूर कुत्रं भुंकतं, धाकटा दचकून मागे बघतो. रीळ तिथे संपे. यज्ञेश्वर ते काढून डब्यात घाली आणि कानिफ जिना उतरे. रोज तो अंधारातला अर्धा चेहरा कॅरियरवर बांधून तो भिंगारला नेत होता.

चित्रपट करणाऱ्यांना भाऊ एखाद्या रिळापुरता परका करून हवा असतो. ते त्याच्या तोंडावर सावली पाडतात आणि पुढच्या रिळात स्वतःच तिथे दिवा लावतात. मधल्या वेळात खुर्चीवरच्या माणसाला जो संशय येतो त्याचे त्याने पैसे दिलेले असतात, आणि घरी जाताना तो संशय त्याने तिथेच ठेवून जायचा असतो. कानिफला पुढचं रीळ मिळालं नाही. भिंतीपलीकडून त्याला धाकट्याचं रडणं ऐकू आलं, भय्या मला माफ कर म्हणालेलं ऐकू आलं, आणि त्याने हिशेब जुळवला. माफी कोण मागतं?

मुक्ताबाई भिंगारला जाऊन चित्रपट बघून आली. रात्री भाकरी वाढताना तिने सांगितलं की धाकटा नट सैल करत नव्हता, आवळत होता, सैल दुसऱ्यानेच केला होता. शेवटी थोरला पडतो तेव्हा धाकटा शर्यत सोडून त्याला पाठीवर घेतो.

"तुला कुनी सांगितलं?" कानिफ म्हणाला.

"सांगायचं काय? डोळ्यानं बघितलं. समदं थेटर रडत हुतं."

"रडलं म्हंजे खरं झालं का?"

मुक्ताबाईने त्याच्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली आणि म्हणाली, तुमी देवळातून भाईर आल्यावर आपलीच पायतानं हुंगून घालता, तुमाला काय सांगावं.

हे एवढ्यावर विरून गेलं असतं. पण शर्यतीला चार-पाच दिवस उरले असताना चहाच्या टपरीवर त्याला कळलं की गहिनीनेही नाव दिलंय. गहिनीने ते त्याला सांगितलं नव्हतं. गहिनी त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, अंगाने हलका, आणि दुकानातल्या हव्या त्या सायकलवर बसू शकणारा. कानिफने त्याला विचारलं नाही. तो आपणहून सांगतो का याची वाट बघत राहिला. रोज दुकानासमोरून जाताना वेग कमी करी. गहिनी हात वर करी, हसे, आणि पुन्हा पंक्चरच्या पाण्यात ट्यूब दाबी. त्या हसण्यात पूर्वी काहीच नसायचं. आता कानिफला त्यात काहीतरी दिसू लागलं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी गहिनीने दादाची सायकल उघडून साफ केली, ग्रीस भरलं, नट आवळला, रेघ ओढली. कानिफ ती घेऊन घरी आला आणि ओट्यावर लावून आत हातपाय धुवायला गेला. बाहेर आला तर दिवेलागणीच्या अंधुक उजेडात गहिनी सायकलपाशी उकिडवा बसलेला. हातात लांब दांड्याचा पाना. चेहरा अर्धा दिसत होता.

"काय करतो रे?"

गहिनीने वर न बघता सांगितलं की चाक केसभर डावीकडे होतं, दुकानात लक्षात आलं नाही, मागाहून आठवलं म्हणून आलो. बरोबर आणलेल्या झाकणात बोट बुडवून त्याने रेघ पुन्हा ओढली. मुक्ताबाईने केलेला चहा बशीत ओतून उभ्या उभ्या प्याला आणि गेला. शर्यतीचं नाव तेव्हाही त्याने काढलं नाही.

कानिफ सायकलसमोर बसला. रेघ सरळ होती, ओली होती, चकाकत होती. रेघेचं काय, सैल नटावरही ओढता येते. एवढी वर्षं तो रेघ बघत आला होता आणि रेघ ओढणाऱ्याचं बोट त्याने कधी तपासलं नव्हतं. त्याने खिशातला छोटा चपटा पाना काढून नटाला लावला. नट हलला नाही. घट्टच होता. पण आत काय आहे हे बघायचं तर नट काढायलाच हवा होता. मुक्ताबाईला दिवा धरायला लावून, अंगाचा भार देऊन त्याने दोन्ही नट सोडवले, चाक फिरवून पाहिलं, छर्रे हलवून पाहिले. काही नव्हतं. चाक बसवून त्याने नट पुन्हा आवळले. जेवढे त्या वीतभर पान्याने आवळता येतात तेवढे. मोडलेली रेघ रॉकेलच्या बोळ्याने पुसून टाकली. मुक्ताबाई दिवा घेऊन आत गेली.

सकाळी वीस-बावीस जण सुटले. वारा समोरूनच होता. दुष्काळाच्या त्या वर्षी वाऱ्यात पाण्याचा कण नव्हता, नुसती माती. रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामाच्या खडीचे ढीग लागलेले, तोंडाला पदर बांधून बाया दगड फोडत होत्या. सायकली आल्या की हातोडे थांबत. गाव मागे पडलं तसा गहिनी कानिफच्या पुढे आला आणि बरोबर त्याच्या समोर राहिला. कानिफने जोर लावला की तोही जोर लावी, कानिफ दमला की तोही हळू होई. मधूनमधून मान वळवून मागे बघे.

कानिफने त्याचा अर्थ लावला. हा मला पुढे जाऊ देत नाही. ह्याच्या मागे राहिलो तर हा एकदम ब्रेक मारील आणि मी ह्याच्या चाकात जाईन. तो डावीकडे सरकला, भावापासून दूर, उघड्यावर, आणि जेऊरपर्यंतचा सगळा वारा स्वतःच्या छातीवर घेत राहिला. डोळ्यांत माती गेली, मांड्या पेटल्या. तरी तो त्या आडोशात शिरला नाही.

जेऊर ओलांडल्यावर चढ लागला. तिथे त्याने उभं राहून पायडल मारायला सुरुवात केली आणि दोन-तीन जणांना मागे टाकलं. चौथ्याच्या बरोबरीला आला तेव्हा खालून खरखर असा आवाज झाला आणि सायकल जड झाली. मागचं चाक चेनच्या ओढीने एका बाजूला सरकलं होतं आणि टायर सांगाड्याला घासत होता. तो उतरला. मागे टाकलेले एकेक करून निघून गेले. शेवटी एकजण तर शीळ घालत गेला.

वर चढाच्या माथ्यावर गहिनीने मान वळवून पाहिलं. मागे दादा दिसेना. तो सायकल फिरवून खाली आला.

त्याने आधी चाक पाहिलं आणि मग नट. नटावर रेघ नव्हती. सांगाड्यावरही नव्हती. तिथे रॉकेलने पुसल्याचा स्वच्छ गोल होता आणि त्याच्याभोवती रस्त्याची धूळ. गहिनीचा चेहरा उतरला.

"कुनी हात लावला?" त्याने विचारलं. "रात्री सायकल भाईर हुती का? कोन आल्तं घरी?"

गहिनी एकेका ओळखीच्या माणसाचं नाव घेऊ लागला, ह्याने केलं असेल, त्याने केलं असेल. कानिफला तेवढंच करायचं होतं, एका नावावर मान हलवायची. त्याने हलवली नाही. खिशात हात घालून तो छोटा पाना काढला आणि तळहातावर धरला.

गहिनीने तो पाना पाहिला. मग कमरेला खोचलेला लांब पाना काढून खाली बसला, चाक सरळ केलं, दोन्ही नट आवळले. पुढे इमामपूरच्या घाटाचा उतार होता. तिथे हे चाक सुटलं असतं तर काय झालं असतं, हे दोघांपैकी कुणी बोललं नाही. उठून त्याने हात पायजम्याला पुसले.

"मी नाव कशापायी दिलं हुतं?" तो म्हणाला. "मला काय पळता येतंय तुझ्यावानी? म्हनलं घाटापस्तोर दादाचा वारा अडवू, मग जाईल तो म्होरं. आधी सांगितलं असतं तर तू नगं म्हनला असतास." तो सायकलवर बसला. "मिलिट्रीच्या ट्रकमागं बसतोस रोज. त्यो ड्रायव्हर कोन, कुठला, तुला ठावं न्हाई. माझ्यामागं न्हाई बसलास."

आणि तो निघून गेला. मागे वळून न बघता. कानिफ त्याच्या मागोमाग निघाला, पण आता त्या पाठीच्या आडोशाला जायला त्याला तोंड नव्हतं.

पहिला आला नेवाशाकडचा एक दूधवाला. गहिनी सातवा-आठवा आला असेल, कानिफ त्यानंतर बऱ्याच वेळाने. घोडेगावच्या बाजारात त्या दिवशी जनावरांची दाटी होती. चाऱ्यावाचून हाडं वर आलेले बैल आणि त्यांच्याहून गप्प माणसं. त्या गर्दीत चांगुणाबाई एका फडक्यात दोघांची भाकरी बांधून उभी होती. कोण पहिला आला याची तिने चौकशी केली नाही. एवढंच म्हणाली, "दोघं मिळून यायचं सोडून मागं-म्होरं का आलात रं?" चित्रपटात अशा वेळी भाऊ भावाच्या गळ्यात पडतो आणि आई दोघांच्या डोक्यावर हात ठेवते. इथे एका फडक्यावर दोघांनी भाकरी खाल्ली. एक बैलांकडे बघत होता, दुसरा रस्त्याकडे.

त्या आठवड्यात चित्रपट उतरला. सगळे डबे पेटीत भरून कानिफनेच ती एसटी स्टँडवर पोचवली. शेवटचं रीळ त्याच्या हातात होतं आणि ते त्याने पाहिलं नव्हतं. आता पाहायची गरजही उरली नव्हती.

सायकल तो गहिनीकडेच नेत राहिला. गहिनीने कधी नाही म्हटलं नाही. पण नट आवळून झाला की तो शेंदराकडे हात नेत नसे. लांब पाना कानिफच्या पुढे धरायचा. बघून घे, असं तोंडाने न म्हणता. कानिफ दोन्ही हात पाठीमागे घ्यायचा. पाना थोडा वेळ हवेत राही, मग गहिनी तो खिळ्याला अडकवी. दुकानातल्या इतर सगळ्या सायकलींच्या नटांवर रेघा होत्या. कानिफ दुसरीकडे बघत टांग मारायचा. बाजारात जाताना आता तो सीट काढत नसे, आणि भाजीवाल्या बायांनी विचारलं, आज खोगीर घरी का, तर उत्तरही देत नसे. सीट काही चोरीला गेली नाही.

होळी झाली. मढीची जत्रा सुरू झाली. कानिफनाथाच्या समाधीला मुक्ताबाई सासूबरोबर जाऊन आली आणि रेवड्या घेऊन गहिनीच्या दुकानात गेली. तिथे ती काय बोलली ते तिने घरी सांगितलं नाही. कानिफने दोनदा विचारलं. रेवड्या दिल्या, एवढंच ती म्हणाली. त्याला ते पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुसऱ्या फेरीचे डबे घेऊन भिंगारला जाताना त्याचं मागचं चाक पंक्चर झालं. नशिबाने दुकानाजवळच. गहिनीने घाईघाईने ट्यूब बदलली, चाक बसवलं, आवळलं. एवढ्यात भाड्याची सायकल परत करायला कुणी आलं आणि त्याने हाक मारली. गहिनी आत वळला. या वेळी पाना त्याने पुढे धरला नव्हता. कानिफच्या ते लक्षात आलं, पण डबे थांबले होते. तो निघाला.

भिंगारच्या थिएटरात डबे देऊन, पहिली रिळं बांधून तो सायकलपाशी आला आणि जुन्या सवयीने वाकला. अर्धी नटावर, अर्धी सांगाड्यावर अशी रेघ होती. तांबडी, सरळ. ती कधी ओढली? आपण डबे आवळत होतो तेव्हा? की ही दुसऱ्या सायकलची जुनी रेघ असेल, नट बदलताना आलेली? जुन्या नटाची रेघ सांगाड्यावर कशी येईल? त्याने बोट लावून पाहिलं. रेघ ओली होती. बोटाबरोबर ती अर्धी पुसली गेली.

त्याने बोट पुसलं नाही. मग परतीच्या रस्त्यावर दुकानापाशी येऊन उतरला. बोट पुढे केलं. गहिनीने बोट पाहिलं, वाकून नट पाहिला, आणि शर्यतीनंतर पहिल्यांदा हसला.

"हात लावल्याबिगर ऱ्हावलं न्हाई ना तुला?"

कानिफने मान हलवली.

गहिनीने फडक्याने नट पुसला, तसबिरीखालचं झाकण आणलं, बोट बुडवून नवी रेघ ओढली. "आता हितंच बस," तो म्हणाला. "वाळंस्तोवर हलायचं न्हाई."

तेलातला शेंदूर लवकर वाळत नाही. रिळं कॅरियरवर होती, ती गुंडाळायची होती, नगरला शेवटचे डबे तयार होत आले असतील, ते न्यायला कानिफ तिथे नसेल. भिंगारचा पडदा पांढरा पडेल, लोक शिट्ट्या मारतील. आजवर असं झालं नव्हतं. कानिफ दुकानाच्या फळीवर बसला आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून रेघेकडे बघत राहिला.